टेक्सासच्या ग्रामीण काउंटीतील कौटुंबिक न्यायालयाचे कागद : शोधायचे कुठे, दाखल करायचे कसे?

गोदाकाठ

नमस्कार. माझ्या मावसबहिणीचा घटस्फोट २००९ साली पश्चिम टेक्सासमधल्या एका लहान काउंटीत (म्हणजे तिथल्या जिल्ह्यात) झाला. तिचा तेव्हाचा नवरा तिथल्या रुग्णालयात नोकरीला होता. ती आता पुण्यात असते. पुनर्विवाहाच्या नोंदणीसाठी विवाह अधिकाऱ्यांनी तिच्याकडे घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची न्यायालयाने प्रमाणित केलेली प्रत मागितली आहे. तिच्याजवळ जुनी झेरॉक्स आहे, पण न्यायाधीशांच्या सहीचे शेवटचे पान त्यात नाही. तिथला वकील निवृत्त झाला असून त्याच्या कार्यालयाचा दूरध्वनी बंद आहे. काउंटीच्या संकेतस्थळावर नाव टाकले की 'नोंद आढळली नाही' असे उत्तर येते. राज्याच्या आरोग्य खात्याकडे पैसे भरून एक पत्र मागवले. त्यात दोघांची नावे, तारीख आणि काउंटी एवढेच आहे, आणि विवाह अधिकारी ते ग्राह्य धरायला तयार नाहीत.

मूळ हुकूमनामा कोणत्या कार्यालयात असतो, तो भारतात बसून मागवता येतो का, आणि इथे चालावा म्हणून त्यावर काय काय लागते, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

मेस्किट

गोदाकाठ ताई, आधी एक दिलासा. संकेतस्थळावर नोंद नाही याचा अर्थ कागद नाही असा होत नाही, आणि २००९ च्या बाबतीत तर मुळीच नाही. टेक्सासमध्ये वकिलांना दिवाणी आणि कौटुंबिक दावे इलेक्ट्रॉनिक पद्धतीने दाखल करणे बंधनकारक झाले ते टप्प्याटप्प्याने. पाच लाखांहून मोठ्या काउंट्यांत १ जानेवारी २०१४ पासून, आणि वीस हजारांहून कमी वस्तीच्या काउंट्यांत अगदी शेवटी, १ जुलै २०१६ पासून. न्यायालयीन कागद शोधण्याचे राज्यभराचे 'रीसर्च टीएक्स' हे पोर्टल याच व्यवस्थेवर उभे आहे. त्याआधीची प्रकरणे लहान काउंटीने स्वतःहून स्कॅन केली असतील तरच पडद्यावर दिसतात, आणि बहुतेकींकडे त्यासाठी माणूसही नाही नि पैसाही नाही. तुमच्या बहिणीची फाइल त्या कोर्टहाऊसमध्ये कपाटात असणार, असे धरून चाला.

आता कार्यालय कोणते, ते सांगतो. टेक्सासमध्ये घटस्फोट, मुलांचा ताबा, पोटगी हे विषय बहुतांशी डिस्ट्रिक्ट कोर्टापुढे चालतात आणि त्या न्यायालयाचे दप्तर डिस्ट्रिक्ट क्लार्कच्या ताब्यात असते. काउंटी क्लार्क हा निराळा अधिकारी. विवाहाचे परवाने, जमिनीचे दस्त, मृत्युपत्राची प्रकरणे त्याच्याकडे. त्यामुळे लग्नाचा कागद एका खिडकीवर आणि घटस्फोटाचा दुसऱ्या, असा प्रकार होतो. मात्र टेक्सासच्या राज्यघटनेनेच आठ हजारांहून कमी वस्तीच्या काउंटीला दोन्ही कामांसाठी एकच क्लार्क निवडण्याची मुभा दिली आहे. जेफ डेव्हिस काउंटीची लोकसंख्या २०२० च्या जनगणनेत १,९९६ होती. लव्हिंग काउंटीची तर अवघी ६४. अशा ठिकाणी दारावर 'काउंटी अँड डिस्ट्रिक्ट क्लार्क' अशी एकच पाटी असते आणि आत दोन-तीन माणसे. मतदारयादीपासून गुरांच्या डागाच्या नोंदीपर्यंत सारे तीच सांभाळतात. ईमेलला उत्तर आले नाही तर राग मानू नका, फोन करा. जेवणाच्या सुट्टीत कार्यालय चक्क बंद असते, एवढे वेळेच्या हिशेबात धरा.

आरोग्य खात्याचे पत्र वाया गेले असेही समजू नका. त्या खात्याच्या जन्ममृत्यू नोंदणी विभागाकडे १९६८ पासूनच्या घटस्फोटांची आणि १९६६ पासूनच्या विवाहांची सूची आहे. तिच्यावरून तो विभाग फक्त पडताळणीचे पत्र देतो. हुकूमनामा त्यांच्याजवळ नसतोच. पण काउंटी कोणती आणि तारीख काय, हे त्या पत्रावरून पक्के होते, आणि क्लार्कला नेमके तेच लागते.

विनंतीपत्रात पुढील मजकूर असू द्यावा : दोघांची त्या वेळची पूर्ण नावे, हुकूमनाम्याची तारीख, असल्यास कॉज नंबर (म्हणजे प्रकरणाचा क्रमांक; तुमच्या झेरॉक्सच्या पहिल्या पानावर सर्वांत वर मधोमध असेल), आणि 'अंतिम हुकूमनाम्याच्या दोन प्रमाणित प्रती' अशी स्पष्ट मागणी. शुल्क साधारणपणे पानामागे एक डॉलर धरा, पण आधी पाने मोजून आकडा विचारा. मुले असलेल्या जोडप्याचा हुकूमनामा तीस-चाळीस पानांचा सहज होतो. काही कार्यालये वैयक्तिक धनादेश घेत नाहीत आणि पुण्यातून अमेरिकन मनीऑर्डर निघत नाही, तेव्हा अमेरिकेतल्या एखाद्या नातेवाइकाच्या हातून पैसे आणि परतीचा लिफाफा पाठवणे सोयीचे पडते. प्रकरणाचा पक्षकारच प्रत मागू शकतो असे बंधन सामान्य घटस्फोटाला नाही. दत्तकाच्या फाइली मात्र मोहोरबंद असतात, त्या अशा मिळत नाहीत.

रुपेरी_कडा

एक शंका. आपल्याकडे माहितीच्या अधिकारात अर्ज केला की ठरावीक मुदतीत उत्तर द्यावेच लागते. टेक्सासमध्येही तसा कायदा असल्याचे वाचले आहे. क्लार्क टाळाटाळ करत असेल तर त्याखाली अर्ज करता येईल का?

मेस्किट

उपयोग नाही. टेक्सासच्या सार्वजनिक माहिती कायद्यातून न्यायसंस्थेचे दप्तर वगळले आहे. न्यायालयीन फाइली पाहण्याचा हक्क आहे, पण तो निराळ्या तरतुदींनी आणि परंपरेने आलेला आहे. त्या कायद्याचे नाव घेऊन लिहिलेले पत्र क्लार्क बाजूला ठेवील आणि तुमचा महिना जाईल. साधे, नम्र, सर्व तपशील असलेले पत्र जास्त काम करते. सात समुद्रापलीकडून आलेल्या पत्राला ही माणसे उलट आस्थेने उत्तर देतात, असा माझा अनुभव आहे.

सूचीकार

मी ग्रंथालयशास्त्राचा माणूस असल्याने सूचीबद्दल थोडे लिहितो, कारण कागद असूनही 'सापडत नाही' असे उत्तर येण्याचे खरे कारण बहुधा सूचीत असते.

टेक्सासमध्ये घटस्फोटाच्या दाव्याचे शीर्षक 'अमुक विरुद्ध तमुक' असे नसते. 'इन द मॅटर ऑफ द मॅरेज ऑफ' असे ते सुरू होते, त्यापुढे दोघांची नावे, आणि मुले असतील तर 'अँड इन द इंटरेस्ट ऑफ' म्हणून मुलांचा उल्लेख. पुढे केवळ मुलांबाबतचा अर्ज आला तर शीर्षकात पालकांचे नावच उरत नाही. यंत्रात शीर्षकाच्या पहिल्या शब्दांवरून शोध घेतला तर शेकडो प्रकरणे एकाच अक्षराखाली येतात. जुन्या जाड बांधणीच्या नोंदवह्यांत वादी आणि प्रतिवादी अशा दोन स्वतंत्र सूची असतात, आणि अर्ज कोणी केला हे माहीत नसेल तर दोन्ही चाळाव्या लागतात.

त्यात आपल्या नावांची भर. माहेरचे आडनाव, सासरचे आडनाव, मधले नाव म्हणून आधी वडिलांचे आणि मग नवऱ्याचे नाव. लिपिकाने त्यातले कोणते आडनाव समजले यावर नोंद कुठे पडली ते ठरते. पारपत्रात नाव आणि आडनाव वेगळे न लिहिता सगळे एकाच रकान्यात असेल, तर व्हिसावर पहिल्या नावाच्या जागी 'एफएनयू' ('फर्स्ट नेम अननोन') अशी अक्षरे येतात, आणि ती अक्षरे व्यक्तीचे नाव समजून न्यायालयाच्या सूचीतही गेलेली मी पाहिली आहेत. कुलकर्णी, देशपांडे ही आडनावे एकेका अक्षराच्या फरकाने चार प्रकारे लिहिली जातात. म्हणून पत्रात सर्व संभाव्य रूपे एकाखाली एक लिहावीत, तिच्या माहेरच्या नावासह. हुकूमनाम्यात पूर्वीचे नाव परत घेण्याची तरतूद असू शकते.

मूळ फाइल गहाळ झाली असली तरी निराश होऊ नये. न्यायालयाच्या कामकाजाच्या वह्यांत, ज्यांना तिथे 'मिनिट्स' म्हणतात, अंतिम हुकूमनामे स्वतंत्रपणे नोंदले जात आले आहेत. क्लार्कला 'फाइल नसेल तर मिनिट्समध्ये पाहाल का' असे आवर्जून विचारावे. फार जुने दप्तर, म्हणजे आजोबा-पणजोबांच्या काळातले, काही काउंट्यांनी राज्य ग्रंथालयाच्या प्रादेशिक भांडारांत ठेवले आहे. ही भांडारे बहुतेक विद्यापीठांच्या ग्रंथालयांत असतात. वंशावळ शोधणाऱ्यांनी तिकडे जावे. २००९ साठी त्याची गरज नाही.

वर्हाडी_पाखरू

धाग्याच्या विषयातच बसते म्हणून इथेच विचारतो. मी टेक्सासमधल्या एका ग्रामीण काउंटीत कामाला आहे, जवळचे मोठे शहर तीन तासांवर. पत्नी आणि मुलगा गेले दीड वर्ष नागपूरला आहेत. वेगळे व्हायचे यावर आमच्या दोघांचेही एकमत आहे, भांडण नाही. इथे जवळपास कौटुंबिक वकील मिळत नाही. स्वतः दावा दाखल करता येईल का, आणि तो भारतात टिकेल का?

मेस्किट

स्वतः दाखल करता येतो, आणि अनेक जण करतात. पण तुमचे प्रकरण दोन देशांत पाय ठेवून आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

अधिकारक्षेत्रासाठी तुम्ही किंवा पत्नी यांपैकी एकाचे वास्तव्य टेक्सासमध्ये सलग सहा महिने आणि त्या काउंटीत ९० दिवस झालेले असले पाहिजे. काउंटी नीट निवडा. ग्रामीण भागात एकच डिस्ट्रिक्ट न्यायाधीश अनेक काउंट्या फिरतो. ३९४ वे डिस्ट्रिक्ट कोर्ट ब्रूस्टर, कल्बरसन, हडस्पेथ, जेफ डेव्हिस आणि प्रेसिडिओ अशा पाच काउंट्यांचे आहे. न्यायाधीश एक, न्यायालयाचा क्रमांक एक, पण क्लार्क प्रत्येक काउंटीचा वेगळा आणि फाइल ज्या त्या कोर्टहाऊसमध्येच राहते. 'ई-फाइल टेक्सास' या ऑनलाइन दाखल करण्याच्या संकेतस्थळावर यादीतून न्यायालय निवडताना क्रमांकाकडे पाहून भलत्याच काउंटीवर बोट ठेवणारे लोक असतात. गंमत म्हणजे या पाचांपैकी हडस्पेथ माउंटन वेळेत, म्हणजे एक तास मागे, आहे. नियमाप्रमाणे इलेक्ट्रॉनिक पद्धतीने दाखल केलेला कागद शेवटच्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत चालतो, पण ती मध्यरात्र न्यायालयाच्या घड्याळातली.

वकील नसलेल्या पक्षकारावर इलेक्ट्रॉनिक पद्धतीने दाखल करण्याची सक्ती नाही. कागद घेऊन क्लार्कच्या खिडकीशी गेलात तरी तो घ्यावा लागतो. कोऱ्या अर्जांचे नमुने 'टेक्सास लॉ हेल्प'च्या संकेतस्थळावर विनामूल्य आहेत. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने मंजूर केलेला संचही आहे, मात्र तो अल्पवयीन मुले आणि स्थावर मालमत्ता नसलेल्या सहमतीच्या घटस्फोटापुरता असल्याने तुम्हाला लागू पडणार नाही. डिस्ट्रिक्ट कोर्टात नवा दावा दाखल करण्याचे शुल्क १ जानेवारी २०२२ पासून ३५० डॉलर आहे, समन्स बजावण्याचा खर्च वेगळा. परवडत नसेल तर असमर्थतेचे शपथपत्र देता येते.

अर्जात संवेदनशील माहिती उघडी ठेवू नका. पहिल्या अर्जात चालक परवान्याचे आणि सोशल सिक्युरिटी क्रमांकाचे शेवटचे तीनच आकडे अपेक्षित असतात. पूर्ण क्रमांक, बँक खाते, पारपत्र क्रमांक आणि मुलाचे नाव हे नियमाने झाकण्याचे विषय आहेत. मुलाची आद्याक्षरे लिहावीत. हे क्लार्क तुमच्यासाठी करणार नाही.

दाखल झाल्यापासून ६० दिवस थांबावे लागते, त्याआधी न्यायाधीश घटस्फोट देऊ शकत नाहीत; कौटुंबिक हिंसेच्या प्रकरणांना अपवाद आहे. प्रत्यक्षात ग्रामीण भागात साठ दिवसांपेक्षा न्यायाधीश त्या गावी कोणत्या तारखेला येणार, यावरच सारे ठरते. क्लार्कला किंवा न्यायालयाच्या समन्वयकाला 'विनाविरोध प्रकरणांचा दिवस कोणता आणि दूरदृश्य सुनावणी चालते का' एवढे विचारा. काय लिहावे, कोणती कलमे टाकावीत, हे मात्र त्यांना विचारू नका. कायदेशीर सल्ला देण्याची त्यांना मनाई आहे आणि ते खरोखरच देत नाहीत. तशा माहितीसाठी ऑस्टिनच्या स्टेट लॉ लायब्ररीची ऑनलाइन मार्गदर्शने चांगली आहेत.

मुलाचा मुद्दा सर्वांत नाजूक. टेक्सासचा कायदा ताब्याच्या बाबतीत परदेशाला अमेरिकेतल्या दुसऱ्या राज्यासारखेच मानतो. मूल दीड वर्ष नागपूरला राहत असेल तर त्याचे 'गृहराज्य' टेक्सास नाही. त्यामुळे न्यायालय तुमचा विवाह विसर्जित करू शकेल, पण ताब्याचा आदेश देण्याचा अधिकार त्याला बहुधा नसेल. दोघे सहमत आहात म्हणून हा अधिकार निर्माण होत नाही. ही एक गोष्ट तरी वकिलाला दाखवून घ्या. तीन तासांवरचा वकील पूर्ण प्रकरण न घेता केवळ कागद तपासून देतो का, ते विचारता येते.

काळा_कोट

मी महाराष्ट्रात वकिली करतो. टेक्सासच्या प्रक्रियेबद्दल मेस्किट यांनी लिहिलेच आहे. भारताच्या बाजूचे सांगतो, कारण धागाकर्ती आणि वर्हाडी_पाखरू या दोघांचीही अडचण शेवटी इथेच येऊन थांबते.

परदेशी निकाल भारतात केव्हा निर्णायक ठरतो, हे दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम १३ सांगते. विवाहाच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने १९९१ च्या वाय. नरसिंह राव विरुद्ध वाय. वेंकट लक्ष्मी या निकालात त्याचा अर्थ लावला. तिथला हुकूमनामा मिसुरी राज्यातला होता आणि तो मान्य झाला नाही. सारांशाने, पक्षकारांचा विवाह ज्या कायद्याखाली झाला त्या कायद्यातले कारण असावे आणि त्या कायद्याप्रमाणे अधिकारक्षेत्र असावे. किंवा दुसऱ्या पक्षाने स्वेच्छेने तिथल्या न्यायालयापुढे येऊन त्या कायद्यातल्या कारणांवर बाजू लढवलेली असावी. किंवा त्याने घटस्फोट मिळण्यास संमती दिलेली असावी. टेक्सासमध्ये बहुतेक घटस्फोट 'विवाह असह्य झाला' या दोषविरहित कारणावर होतात, आणि हिंदू विवाह कायद्यात तसे कारण नाही. म्हणून भारतातल्या दृष्टीने तिसरा मार्ग, म्हणजे संमती, महत्त्वाचा ठरतो.

वर्हाडी_पाखरू, इथे एक गफलत नेहमी होते. पत्नीने समन्स बजावणीचा हक्क सोडल्याचा कागद, ज्याला टेक्सासमध्ये 'वेव्हर' म्हणतात, नोटरीसमोर सही करून दिला की झाले, असे लोक समजतात. टेक्सासच्या न्यायालयाला तेवढे पुरते. मात्र तो कागद दावा दाखल झाल्यानंतरच सही केलेला असला पाहिजे आणि नोटरी त्याच प्रकरणातला वकील नसावा. भारतीय न्यायालयाच्या नजरेत समन्स नको म्हणणे म्हणजे घटस्फोटाला संमती देणे नव्हे. म्हणून अंतिम हुकूमनाम्यावरच दोघांच्या सह्या घ्या, आणि सहीच्या वर मसुदा व आशय या दोन्हींस मान्यता व संमती असल्याचे स्पष्ट लिहा. तिकडचे वकील हे वाक्य सहज वापरतात. शिवाय पत्नी दूरदृश्य पद्धतीने हजर राहिली आणि तिच्या हजेरीची नोंद हुकूमनाम्यात आली, तर उत्तमच.

वेव्हर मिळाला नाही तर समन्स बजावणीसाठी हेग करार, म्हणजे परदेशात समन्स बजावण्याबाबतचा आंतरराष्ट्रीय करार, लागू होतो. भारताने टपालाने बजावणी करण्यास हरकत नोंदवली आहे. २०१७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वॉटर स्प्लॅश विरुद्ध मेनन या प्रकरणात, जे टेक्सासमधूनच वर गेले होते, टपाली बजावणी त्या करारात निषिद्ध नाही असे म्हटले. पण ते ज्या देशाने हरकत घेतलेली नाही त्यापुरते. भारतात कुरियरने पाठवलेले समन्स म्हणजे पुढच्या वादाला आमंत्रण. दिल्लीच्या विधी व न्याय मंत्रालयामार्फतच जावे लागते, आणि त्याला अनेक महिने लागतात.

दोन_लिप्या

कागदांच्या भाषांतराबद्दल एक पुरवणी. टेक्सासच्या न्यायालयात मराठी कागद पुरावा म्हणून द्यायचा असेल, उदाहरणार्थ ग्रामपंचायतीचा जुना विवाह दाखला किंवा सातबारा, तर पुराव्याच्या नियम १००९ प्रमाणे त्याचे इंग्रजी भाषांतर आणि भाषांतरकाराचे शपथपत्र सुनावणीच्या किमान ४५ दिवस आधी दुसऱ्या पक्षाला द्यावे लागते. विनाविरोध प्रकरणात याची वेळ क्वचित येते, पण नागपूरच्या घराचा उल्लेख मालमत्तेत येणार असेल तर आधीच तयारी ठेवा. भाषांतरकाराने आपली पात्रता आणि भाषांतर अचूक असल्याचे शपथेवर लिहावे लागते. नात्यातल्या माणसाकडून ते करून घेऊ नये, असे मी सुचवीन.

गोदाकाठ

सर्वांचे आभार. काल रात्री तिथल्या कार्यालयात फोन केला. आधी मी सांगितलेल्या आडनावाने सापडले नाही. सूचीकार यांच्या सांगण्याप्रमाणे माहेरचे आडनाव आणि दोन वेगळी स्पेलिंग दिल्यावर त्या बाईंनी 'एक मिनिट' म्हणून फोन बाजूला ठेवून वही काढली आणि कॉज नंबर वाचून दाखवला. हुकूमनामा बावीस पानांचा आहे, शेवटच्या पानावर न्यायाधीशांची सही आणि दोन्ही पक्षकारांच्या संमतीच्या सह्या आहेत. ह्यूस्टनच्या मामेभावामार्फत पैसे पाठवते आहे. आता अपॉस्टिल (कागदावरची सही आणि शिक्का खरा असल्याचे, परदेशात चालणारे प्रमाणपत्र) कोणाकडून घ्यायचे, हे तेवढे सांगावे. क्लार्कला विचारले तर 'ते आमच्याकडे नाही' म्हणाल्या.

काळा_कोट

दोघांच्या संमतीच्या सह्या आहेत, ही तुमच्या बहिणीसाठी फार मोलाची गोष्ट आहे.

अपॉस्टिल ऑस्टिनला, टेक्सासच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या कार्यालयातून मिळते. शुल्क कागदामागे १५ डॉलर. क्लार्कच्या मूळ सही-शिक्क्याची प्रमाणित प्रत जशीच्या तशी पाठवावी, तिची झेरॉक्स नोटरी करून पाठवू नये. त्यांच्या विनंती अर्जात कागद कोणत्या देशात वापरायचा ते विचारलेले असते, तिथे भारत लिहावे. भारत २००५ पासून अपॉस्टिल करारात असल्याने त्यानंतर भारतीय वकिलातीचा वेगळा शिक्का लागत नाही. प्रतीची पाने टाचणीने जोडलेली असतात, ती स्कॅन करण्यासाठीही सुटी करू नका; टाचणी काढलेली प्रत नाकारली जाऊ शकते.

एवढ्यावर विवाह अधिकाऱ्यांचे समाधान व्हावे. तरीही ते अडून बसले तर पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयात, कौटुंबिक न्यायालय अधिनियम १९८४ च्या कलम ७ खाली, वैवाहिक स्थितीबाबत घोषणा मागणारा दावा करता येतो. त्याआधी त्यांच्याकडून नकार लेखी घ्या.

मेस्किट

मामेभावाला सांगा की दोन प्रती येतील, त्यांतली एकच ऑस्टिनला पाठवायची. दुसरी तशीच जपून ठेवावी, पारपत्रावरचे नाव बदलताना लागेल. आणि क्लार्कच्या पावतीवर कॉज नंबर असतो, तो कुठेतरी टिपून ठेवा.